शाळा सुटल्यानंतर

मूल शाळेत दिवसाचे पाच-सहा तास असते. उरलेल्या वेळात ते कोणाजवळ बसते, त्याची वही कोण उघडून पाहते, अडलेले गणित कोण समजावते, यावर शाळेत शिकवलेले किती टिकेल हे बरेचसे ठरते. शिकलेल्या आईबापांच्या घरात हे काम बोलता बोलता होऊन जाते. ज्यांना वेळ नाही पण पैसा आहे, ते शिकवणी लावतात. ज्यांच्याकडे शिक्षण, वेळ आणि पैसा यांतले काहीच नाही, त्यांच्या घरात हे काम होतच नाही. आणि मग मूल ‘अभ्यासात कच्चे’ ठरते. गरीब घरांतल्या मुलांसाठी गावाने, वस्तीने किंवा एखाद्या संस्थेने चालवलेला संध्याकाळचा मोफत वर्ग ही रिकामी जागा भरण्यासाठी असतो. हे पुस्तक त्या वर्गांविषयी आहे, आणि ते बीड जिल्ह्याच्या भुईवर उभे राहून लिहिले आहे.

बीडच का, ते आधी सांगायला हवे. ११ तालुक्यांचा हा जिल्हा. उत्तरेला गोदावरी, मधून बालाघाटाची रांग. गेवराई-माजलगावकडच्या काळ्या रानात पाणी आणि ऊस. पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, धारूरच्या डोंगरपट्ट्यात हलकी जमीन आणि बेभरवशाचा पाऊस. १९७२ चा दुष्काळ म्हाताऱ्यांच्या बोलण्यात अजून येतो. २०१२-१३, २०१५-१६ आणि २०१८-१९ ची टंचाई तर आज विशीत असलेल्यांनीही टँकरच्या रांगेत उभे राहून काढलेली आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेतलेल्या टोळ्या ट्रक-ट्रॅक्टरमध्ये संसार भरून पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या साखर कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, त्यामुळे आईला मागे राहता येत नाही. कारखान्याचा पट्टा पडला की मार्च-एप्रिलमध्ये माणसे माघारी येतात. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होऊन उन्हाळ्यात संपते. म्हणजे ऊसतोड कामगाराच्या मुलाचे अर्धे शैक्षणिक वर्ष एकतर उसाच्या फडावर जाते, नाहीतर आईबापांवाचून गावात.

मुलांच्या तीन परिस्थिती यातून तयार होतात आणि संध्याकाळच्या वर्गाचा विचार करताना त्या वेगवेगळ्या ध्यानात ठेवाव्या लागतात. काही मुले आईबापांबरोबर जातात. फडाजवळच्या कोपीत धाकट्या भावंडाला सांभाळणे, पाणी भरणे, वाढे गोळा करणे, थोडे मोठे झाल्यावर मोळ्या बांधणे, असा त्यांचा दिवस असतो. काही मुले गावात आजी-आजोबांजवळ राहतात. ती शाळेत जातात, पण घरी आल्यावर त्यांना विचारणारे माणूस स्वतः निरक्षर आणि थकलेले असते. तिसरी मुले बीड, परळी, माजलगाव, अंबाजोगाई या शहरांच्या वस्त्यांतली: आईबाप हमाली करतात, वीटभट्टीवर राबतात, धुणीभांडी करतात आणि अंधार पडल्यावर घरी येतात. फडावरच्या मुलाला संध्याकाळी जागा नसते, गावातल्या मुलाजवळ शिकवणारे माणूस नसते, आणि शहरातल्या मुलाला दोन्ही जवळ दिसत असूनही परवडत नसते. एकच नमुना तिघांना लागू होत नाही.

सांजवेळी शिकवण्याची परंपरा महाराष्ट्रात बरीच जुनी आहे. १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढणाऱ्या जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्ये दिवसभर राबणाऱ्या स्त्रीपुरुषांसाठी रात्रीची शाळा सुरू केली. जो दिवसा कष्ट करतो त्याच्या सोयीची वेळ शाळेने धरली पाहिजे, हा विचार तिथून पुढे चालत आला. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीरावांनी सरकारचा शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांकडे वळतो आणि ज्यांच्या कष्टांतून महसूल येतो त्यांची मुले कोरडी राहतात, हे ठामपणे मांडले. विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०५ मध्ये पुण्यात अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजासाठी रात्रीची शाळा काढली आणि पुढच्याच वर्षी डिप्रेस्ड क्लासेस मिशनची स्थापना केली.

दुसरी परंपरा वसतिगृहांची. राजर्षी शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या आरंभी कोल्हापुरात जातीजातींची वसतिगृहे उभी केली आणि १९१७ मध्ये आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली. साताऱ्याच्या त्यांच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत आणि आपल्या शिक्षणासाठी स्वतः राबत. मुलाला वर्गात बसवणे सोपे असते. वर्ग सुटल्यावर त्याला जेवण, अंथरूण, दिवा आणि अभ्यासाची सोबत मिळाली नाही, तर ते पुढच्या वर्षी दिसत नाही, हे या माणसांनी ओळखले होते.

मराठवाडा त्या काळात निजामाच्या राजवटीत होता. शाळा मोजक्या, आणि वरच्या शिक्षणाचे माध्यम उर्दू. अशा वेळी १९२१ मध्ये सुरू झालेल्या हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि नंतर अंबाजोगाईत, म्हणजे त्या वेळच्या मोमिनाबादेत, स्वामी रामानंद तीर्थ शिक्षक म्हणून राबले. त्यांच्या हाताखालून गेलेल्या तरुणांतून पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे अनेक कार्यकर्ते तयार झाले. स्वातंत्र्यानंतर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबादेत महाविद्यालय काढले आणि मराठवाड्यातल्या दलित घरांतली पहिली शिकलेली पिढी तिथून बाहेर पडली. डोंगरपट्ट्यात याच काळात सावरगाव घाटात जन्मलेले संत भगवानबाबा कीर्तनांतून मुलांना शाळेत घालण्याचा आग्रह धरत होते. पुढे १९८२ मध्ये डॉ. द्वारकादास लोहिया यांनी अंबाजोगाईत ‘मानवलोक’ सुरू केले आणि दुष्काळी गावांत लोकांबरोबर बसून काम करण्याची रीत इथे रुजवली. जिल्ह्यातल्या आजच्या वर्गांची मुळे या सगळ्या कामांत आहेत.

शाळेच्या वेळेबाहेर मुलाजवळ जाऊन शिकवण्याचे प्रयोग मात्र गेल्या ऐंशी वर्षांतले. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला अंगणवाडीची सुरुवात केली. नंतर कोसबाडच्या टेकडीवर गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा चालवली. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने कुरणात जावे, इतकी साधी आणि धाडसी ती कल्पना होती. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस शाळेबाहेर राहिलेल्या आणि मागे पडलेल्या मुलांना वाचायला शिकवण्याचे काम वस्तीतच सुरू केले. मुंबईत रजनी परांजपे आणि बीना शेठ लष्करी यांनी १९८८ मध्ये ‘डोअर स्टेप स्कूल’ उभे केले. १९९१ मध्ये ‘आकांक्षा’ची सुरुवात झाली तीही झोपडपट्टीतल्या मुलांसाठी शाळेच्या वेळेनंतर भरणाऱ्या केंद्राने. शहरांतल्या वस्त्यांत अभ्यासिका भरू लागल्या: समाजमंदिरात, देवळाच्या ओट्यावर, महापालिका शाळेच्या रिकाम्या खोलीत. जगात हे त्याही आधी चालले होते. शिकागोत १८८९ मध्ये जेन अ‍ॅडम्स आणि एलन स्टार यांनी उघडलेल्या ‘हल हाउस’मध्ये स्थलांतरित कामगारांची मुले दुपारनंतर येत असत. कामगार वस्ती आणि रिकामी संध्याकाळ जिथे एकत्र येतात, तिथे कोणाला ना कोणाला हे सुचते.

नव्वदच्या दशकात मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ने या कामाला मोजमापाची शिस्त दिली. त्यांच्या ‘बालसखी’ उपक्रमात वस्तीतल्याच तरुणी मागे पडलेल्या मुलांना वेगळे घेऊन वाचन आणि अंकगणित शिकवत. मुंबई आणि वडोदरा इथे त्याचा काटेकोर अभ्यास झाला. कमी मानधनावर काम करणाऱ्या, थोडेच प्रशिक्षण मिळालेल्या या तरुणींमुळे सर्वांत मागे असलेल्या मुलांचा सर्वाधिक फायदा झाला, असे त्यातून दिसले. अभ्यास करणाऱ्यांपैकी अभिजित बॅनर्जी आणि एस्थर दुफ्लो यांना पुढे २०१९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. मुलांना इयत्तेप्रमाणे न बसवता त्यांना काय येते त्याप्रमाणे बसवावे, ही पद्धत तिथून देशभर गेली.

याच प्रवासातला उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्याचा अनुभव संध्याकाळचा वर्ग चालवणाऱ्या प्रत्येकाने वाचावा असा आहे. तिथे गावोगावच्या स्वयंसेवकांनी शाळेनंतरचे वाचनवर्ग घेतले. जी मुले आली ती चांगली शिकली. पण गावातल्या मुलांपैकी जेमतेम ८ टक्के आली. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यातलीही १३ टक्केच. शिकवण्याची पद्धत सिद्ध झाली, तरी सर्वाधिक गरज असलेले मूल दारापर्यंत पोचलेच नाही. ते का आले नाही, हा या क्षेत्रातला खरा प्रश्न आहे. बीडमध्ये त्याची उत्तरे ठाऊक आहेत: धाकटी बहीण कडेवर असते, आजीला पाणी आणून द्यायचे असते, भूक लागलेली असते, अंधारातून परत यायची भीती असते.

ऊसतोड कामगारांच्या मुलांबाबत दोन विचार समोरासमोर उभे राहिले. एका विचाराने शाळा मुलामागे नेली. ‘जनार्थ’सारख्या संस्थांनी कारखान्यांच्या तळावर साखरशाळा चालवल्या, पुण्याजवळच्या खाणींत अशाच पाषाणशाळा झाल्या. दुसऱ्या विचाराने मुलाला गावातच थांबवण्याचा प्रयत्न केला. १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाल्यावर मूल नियमित शाळेच्या पटावरच असले पाहिजे हा आग्रह वाढला, साखरशाळा मागे पडल्या आणि हंगामी वसतिगृहांवर भर आला. गावातल्याच शाळेच्या व्यवस्थापन समितीने स्थलांतरित पालकांच्या मुलांना हंगामभर दोन वेळ जेवण आणि सांभाळ द्यावा, अशी ही योजना. तिच्यात चांगली वसतिगृहे आहेत आणि कागदावरचीही आहेत. अनुदान उशिरा येण्याची तक्रार जुनीच आहे. २०२१ मध्ये राज्य सरकारने संत भगवानबाबांच्या नावाने ४१ तालुक्यांत ८२ शासकीय वसतिगृहांची योजना जाहीर केली. आर्वीच्या (ता. शिरूर कासार) ‘शांतिवन’मध्ये दीपक आणि कावेरी नागरगोजे दोन दशकांहून अधिक काळ ऊसतोड कामगारांच्या, अनाथ आणि आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांतल्या मुलांना सांभाळून शिकवत आहेत. गावकऱ्यांचा विश्वास बसला की आईबाप मुलाला मागे ठेवायला तयार होतात, हे ‘शांतिवन’ने जिल्ह्याला दाखवून दिले.

प्रत्येक मुलाला वसतिगृहात घालता येणार नाही आणि घालूही नये. आजीजवळ सुखाने राहणाऱ्या मुलाला घराची ऊब आहे. त्याला हवी आहे रोज दोन तासांची सोबत. संध्याकाळचा मोफत वर्ग नेमका इथे उपयोगी पडतो. शाळा आणि वसतिगृह यांच्यामधल्या या जागेकडे शासनाचे, संस्थांचे आणि लेखन करणाऱ्यांचेही फारसे लक्ष गेलेले नाही.

हे आजच सांगण्याची कारणे आहेत. २०११ च्या जनगणनेत बीडची साक्षरता सुमारे ७७ टक्के होती, राज्याची ८२ टक्क्यांच्या वर. म्हणजे आज मुलांना सांभाळणाऱ्या आज्यांच्या पिढीत अक्षरओळख नसलेल्या बऱ्याच. कोविडच्या काळात, जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेली मुले जवळपास दोन वर्षे वर्गात नीट बसलीच नाहीत. ज्या घरात एकच साधा फोन होता आणि तोही बापाबरोबर फडावर गेला होता, तिथे ऑनलाइन शिक्षण पोचले नाही. २०२२ च्या ‘असर’ या शिक्षणस्थितीच्या सर्वेक्षणात देशातल्या ग्रामीण भागातील पाचवीच्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणारी ४२.८ टक्केच निघाली. २०१८ मध्ये ती ५०.५ टक्के होती. त्याच सर्वेक्षणात पैसे भरून शिकवणीला जाणाऱ्या मुलांचे प्रमाण मात्र वाढून ३०.५ टक्के झाले. शाळेनंतरचे तास विकत घेण्याची ऐपत असणारे आणि नसणारे यांच्यातले अंतर दर संध्याकाळी वाढत आहे. शेजारच्या लातुरात क्लासचा मोठा व्यवसाय उभा राहिला; बीडच्या खाऊन-पिऊन सुखी घरांतली मुले तिकडे जातात. तिसरीत अक्षर न जुळलेले मूल त्या रस्त्याला कधी लागतच नाही.

मुलींसाठी हा प्रश्न आणखी तातडीचा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या विवाहित-अविवाहित सर्व स्त्रियांपैकी ४० टक्क्यांहून अधिक जणींचे लग्न १८ वर्षांच्या आत झालेले आढळले. आईबाप सहा महिने बाहेर, वयात आलेली पोर गावात. तिच्या काळजीपोटी घाईने लग्न उरकले जाते. लग्न झाले की कोयताही पुरा होतो. अशा मुलीला रोज संध्याकाळी जाण्यासाठी सुरक्षित जागा असेल, तिथे तिची वाट पाहणारी ताई असेल, तिच्या अभ्यासाची दखल घेणारी चार माणसे गावात असतील, तर लग्न पुढे ढकलण्याची ताकद त्या घराला मिळते. म्हणून संध्याकाळच्या वर्गाकडे नुसती शिकवणी म्हणून पाहू नये.

या कामात मतभेदही आहेत आणि ते मोकळेपणाने मांडायला हवेत. शाळेने करायचे काम स्वयंसेवकांनी केले तर शाळेची जबाबदारी सैल होते, हा आक्षेप खरा आहे. आमचे मत असे की वर्गाने शाळेशी रोजचा संबंध ठेवावा, शिक्षकाला विश्वासात घ्यावे, पण शाळेची उणीव झाकू नये. ती शाळा व्यवस्थापन समितीपुढे मांडावी. गृहपाठ उरकून घ्यायचा की वाचन पक्के करायचे, यावरही दोन पक्ष आहेत. चौथीतल्या मुलाला जोडाक्षर वाचता येत नसेल, तर धड्याची उत्तरे उतरवून घेण्यात त्याची संध्याकाळ घालवणे अन्याय आहे. तांड्यावरच्या मुलाची घरची बोली गोरमाटी, पुस्तकाची भाषा मराठी. शहरातल्या काही मुलांचे घर उर्दूत बोलते. तिथे पुस्तकापूर्वी बोलणे, गाणे, गोष्ट यांना जागा हवी. १९४१ पासून राष्ट्र सेवा दलाच्या शाखांनी खेळ आणि गाण्यांतून मुलांना संध्याकाळी गोळा केले, तो अनुभव आजही शिकण्यासारखा आहे. शिकवणाऱ्या ताई-दादांच्या मानधनाचा प्रश्न सर्वांत अवघड आहे. गावातली बारावी झालेली मुलगी वर्षभर फुकट शिकवेल ही अपेक्षा म्हणजे एका गरिबाच्या मुलासाठी दुसऱ्या गरिबाच्या मुलीने झीज सोसावी असे म्हणणे आहे. वर्ग मुलांसाठी मोफत असावा. शिकवणाऱ्यांचे मोल मात्र गावाने, संस्थेने किंवा शासनाने चुकते केले पाहिजे.

या पुस्तकाचा हेतू यशोगाथा सांगण्याचा नाही. संध्याकाळचा वर्ग कसा उभा राहतो, कशामुळे टिकतो आणि कशामुळे बंद पडतो, हे चालवणाऱ्यांच्या, शिक्षकांच्या, आज्यांच्या आणि शिकून पुढे गेलेल्या मुलांच्या नजरेतून समजून घेण्याचा यात प्रयत्न आहे. जागा, वेळ, दिवा, पाणी, खाऊ, हजेरी, हिशेब, मुलींना घरापर्यंत सोडणे या बाबींना इथे शिक्षणशास्त्राइतकेच महत्त्व दिले आहे, कारण वर्ग बहुधा याच बाबींवर मोडतो. मुलांची खरी नावे कुठेही छापलेली नाहीत. हंगामाच्या गणिताला आम्ही मध्यभागी ठेवले आहे: दिवाळीनंतर गावाचा पट कसा बदलतो, कारखान्यावरून शिक्षण हमी कार्ड (स्थलांतरित मुलाच्या शिक्षणाची नोंद) घेऊन परतलेले मूल पुन्हा कसे मिसळते, पावसाळ्यातल्या चार महिन्यांत काय पक्के करून घ्यावे. बीडबाहेरच्या वाचकालाही यातून घेण्यासारखे आहे. नंदुरबार असो, यवतमाळ असो की मुंबईचा नाका, स्थलांतराच्या वाटा वेगळ्या असल्या तरी मागे राहणाऱ्या मुलाची गरज तीच असते.

एक गोष्ट आम्हाला पुन्हा पुन्हा दिसली. जे वर्ग वर्षानुवर्षे टिकले, ते गावाने आपले मानलेले होते. कोणी खोली दिली, कोणी विजेचे बिल भरले, बचत गटाच्या बायांनी आळीपाळीने फोडणीचे पोहे केले, निवृत्त गुरुजींनी आठवड्यातून दोन दिवस पाढे घेतले. देणगीवर उभे राहिलेले पण गावात न रुजलेले वर्ग देणगीबरोबरच संपले.

म्हणून वाचकांना एवढेच सांगणे आहे. हे पुस्तक वाचून बीडच्या मुलांविषयी हळहळून थांबू नका. आपल्या गावात, आपल्या गल्लीत शाळा सुटल्यानंतर कोणती मुले कुठे असतात, याची आधी यादी करा. त्यांतल्या पाच मुलांसाठी जरी एक खोली, एक दिवा आणि रोज ठरल्या वेळी येणारे एक माणूस मिळाले, तरी वर्ग सुरू होतो. पुढचे कसे करायचे, ते या पुस्तकात लिहिले आहे.